दादाचं पित्त

तीर्थरूप वहिनींना धाकट्या दिराचा नमस्कार.

आधी बरी बातमी. दादाचा ताप उतरलाय आणि काल तो खिडकीपर्यंत चालत गेला.

आता झालेलं सांगतो. मंगळवारी खूप दारू पिऊन त्याला उलट्या झाल्या आणि त्या जोराने त्याची अन्ननलिका फाटली. सर्जन म्हणाले, असं क्वचितच होतं, पण झालं की एकेक तास मोलाचा असतो.

ते तास मी घालवले. डॉक्टरांनी विचारलं, "हे दारू घेतात का?" कारखान्याच्या गेटवर स्टुलावर चढून दारूविरुद्ध भाषणं ठोकणारा मी म्हणालो, "आमच्या घरात कुणी शिवतही नाही." मग छातीत दुखतंय म्हणून ते हृदयच तपासत बसले. चार तासांनी दादाच कण्हत म्हणाला, "हा खोटं बोलतोय. अख्खी बाटली घेतली मी."

छातीचं ऑपरेशन झालंय. तोंडाने अजून पाणीही नाही, सगळं नळीतून. काल त्याने कागदावर लिहिलं, "आता तुझं भाषण ऐकावंच लागणार, पळता येत नाही." मी भाषण केलं नाही.

धोका टळला, असं सर्जन अजून म्हणत नाहीत. तुम्ही जेवता ना वेळेवर?

आईचा गुडघा कसा आहे? दादाला पित्ताचा त्रास आहे, असं तिला आपण दोघंही वर्षानुवर्षं सांगत आलो. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा. दादा घरी येईल तेव्हा तिने त्याला एकदा तरी खऱ्या कारणासाठी रागवावं.

तुमचा,
भाऊजी