बाबांची रेघ

आई,

टर्की तळून झाली. ओट्यावर फॉइलखाली झाकून ठेवलीय, भात कुकरमध्ये आहे. मागच्या अंगणातल्या पातेल्याला हात लावू नकोस, तेल अजून कढत आहे.

बाबांनी पातेल्यात आतून खिळ्याने रेघ मारली होती ना, तेल तिथपर्यंतच ओतलं. पण ती रेघ थँक्सगिव्हिंगला बारा माणसं जेवायची तेव्हाच्या टर्कीची. यंदाची छोटी, ती सोडल्यावर तेल तेवढं वर चढलंच नाही, तंगड्या बाहेरच राहिल्या. एल्ड्रेडमामा कुंपणापलीकडून ओरडला, “अगं शहाणे, आधी पाण्यात बुडवून माप घ्यायचं असतं! बापाने एवढंही शिकवलं नाही?” मग स्वतःच घरातून तेलाचा डबा घेऊन आला.

तळणाऱ्याने पहिली कातडी उभ्यानेच खायची, म्हणून बाबांसारखी खाल्ली. कुरकुरीत होती. चव कळली नाही.

मी ड्यूटीवर जातेय, आठला येईन. बाबा गेल्यापासून तुझं ताट तुझ्या खोलीत आणून ठेवते, आज ठेवलेलं नाही. नवी रेघ मारायला मामाने खिळा दिलाय, तो टर्कीशेजारी आहे. माझा हात धजत नाही. तेल निवलं की ते जिथवर आहे तिथे तू मार.

लर्लीन