धारूरच्या पोटात नेकनूर

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

औरंगाबाद,
३ सप्टेंबर १९९९

ती. स्व. उमाआत्यास,
शिवांजलीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कॅसेटी पोचल्या. दोन कॅसेटींत ओव्यांच्या मधेच प्रचाराची जीप घुसली आहे. बाई भावाला बोलावतेय आणि लाउडस्पीकर मत मागतोय! असू दे. लाइट गेली की तुमच्या पिठाच्या गिरणीत बायका खोळंबून बसतात आणि तू सेलवरचा टेप लावून त्यांना गायला बसवतेस, ही युक्ती आमच्या सरांना फार आवडली. विजेच्या गिरणीत जात्यावरच्या ओव्या, म्हणून ते सगळ्या विभागाला सांगत सुटलेत.

तू विचारलं होतंस, की कॉम्प्युटरात गाणी लावून ठेवायची म्हणजे नेमकं करायचं काय. तर ऐक. प्रबंधाची माहिती ठेवायला विभागात एक नवं सॉफ्टवेअर आलंय. प्रत्येक गाण्याचं एक कार्ड करायचं आणि ते फोल्डरात टाकायचं. फोल्डर म्हणजे डबा समज. जिल्ह्याच्या डब्यात तालुक्याचा, तालुक्याच्या डब्यात गावाचा, गावाच्या डब्यात बाईचा. कितीही आत जा, तळ म्हणून लागत नाही. मला तर नादच लागलाय, जेवायची शुद्ध राहत नाही.

पण एक गौडबंगाल झालंय बघ. कॅसेटींच्या कव्हरांवर तू लिहिलेल्या नावागावांप्रमाणे मी सगळी कार्डं लावली आणि धारूरचा डबा उघडला, तर आत एकटे मामा, तुझे कारभारी! त्यांचं ते एक भजन. बाकीच्या बाया कुठे गेल्या? कुणी नेकनूरला, कुणी शिरूर कासारला. आपल्या चंद्रभागाबाईंचा आवाज मी झोपेतही ओळखीन, पण त्यांच्या कव्हरावर तू लिहिलंयस 'सुंदरा, नेकनूर'. ही सुंदरा कोण? आत्या, माझं प्रकरण धारूरच्या ओव्यांवर आहे आणि दसऱ्याच्या आत सरांना द्यायचंय. धारूरच रिकामं निघालं तर माझं वर्ष गेलं म्हणून समज. चुकलेलं पुसून नीट लिहिते, खरी नावं-गावं तेवढी लवकर कळव.

मामांना नमस्कार. लोभ आहेच, राग आला तर तोही त्यातच जमा कर.

तुझी,
शिवांजली


धारूर,
१२ सप्टेंबर १९९९

चि. शिवांजलीस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं का रडावं तेच कळंना. तुझ्या मामाला वाचून दाखवलं तर मिशीतल्या मिशीत हसायलेत. म्हणतेत, धारूरचा मी एकटाच खरा, बाकी समद्या उपऱ्या. म्या म्हणलं, व्हा तिकडं, पट्टा बघा चक्कीचा.

अगं येडे, बाईमाणसाला गाव कोणतं म्हणून इचारलं तर ती काय सासरचं सांगंल? तू म्हणलीस गाव इचार, म्या इचारलं. जिनं तिनं आपलं माहेर सांगितलं. मला बी त्यात काही वावगं वाटलं न्हाई. एक अक्षर खोटं न्हाई त्यात.

सुंदरा म्हंजी आपली चंद्रभागाच. लग्नात नाव बदललं. तवापासून तिला सुंदरा म्हणणारा एक तिचा भाऊ तेवढा. दर पंचमीला न्यायला यायचा अन् गिरणीच्या दारातूनच हाक मारायचा. परसाल तो गेला. आता ते नाव घेणारं कुणीच ऱ्हायलं न्हाई. टेप चालू करायच्या आधी तिनं इचारलं, आक्का, मशिनीत सुंदरा लिवता येतं का. म्या चक्कीवर हात ठिवून सांगितलं, येतं म्हणून. आता तू म्हणायलीस, पुसते. दसरा झाला की ती ऊसतोडीला जाणार. तवर दळणाला येती अन् दरवेळी इचारती, लिवलं का. काय सांगू तिला? तुझं वरीस वाया जावं असं मला कसं वाटंल? पण माझा शब्द गेलाय, पोरी. लई जड झालंय मला.

एक सांग, एकच दळण दोन डब्यांत ठिवता येतं, मग तुझं कार्ड कावून न्हाई? येवढी मोठी मशीन अन् अक्कल येवढीशी!

जेवत जा येळंवर. माया हाय ती हाय, लिवून काय वाढत न्हाई.

तुझी आत्या


औरंगाबाद,
५ ऑक्टोबर १९९९

ती. स्व. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण सांगायला काही चांगलं नव्हतं. एक कार्ड दोन डब्यांत ठेवायची सोय या सॉफ्टवेअरात नाही, सगळं धुंडाळलं. सर रागावले नाहीत, पण म्हणाले, गाणं जिथे गायलं तिथेच त्याची जागा. तेही बरोबरच आहे. शेवटी मी मन घट्ट केलं, सुंदरा पुसलं आणि चंद्रभागा लिहिलं. मग ओळी ताडून बघायला कॅसेट लावली:

धारूरच्या घाटामंदी एस्टी माझी हळू चाले
बंधवाच्या गावाकडं मन माझं म्होरं पळे

मला पुढे ऐकवेना. मेलं ते प्रकरण, असं म्हणून पुसलेलं परत लिहिलं आणि डोळे पुसले.

दोन दिवस डोकं पिकलं. मग एकदम वाटलं, गावाच्या डब्यात बाईच का? गावाच्या डब्यात दुसरं गाव का नको? डब्यात डबा ठेवताना मशीन काही हरकत घेत नाही. आधी धारूर उघडलं. त्यात नवा फोल्डर केला, नेकनूर. नेकनूरमध्ये सुंदरा. सासरचं नाव आत, कार्डाच्या खालच्या ओळीत. मग शिरूर कासार, मग बाकीची गावं. सगळी माहेरं आता धारूरच्या पोटात आहेत.

सरांनी एकेक डबा उघडून पाहिला. म्हणाले, नेकनूर नकाशात बीड तालुक्यात आहे, परीक्षक हसतील. मी म्हटलं, सर, घरी वहिनींना त्यांचं गाव विचारून बघा. दुसऱ्या दिवशी आले ते थेट माझ्या टेबलाशी. मग सांगितलं, वहिनी लातूर म्हणाल्या, आणि वर त्यांनाच विचारलं की आज हे कसं सुचलं! प्रकरण तसंच राहू दे म्हणाले. फक्त असं का लावलं त्यावर सुरुवातीला दोन पानं लिहायला सांगितलीत. ती लिहायला आज बसतेय.

सुंदराला सांग, लिहिलंय. आता पुसायचं नाही.

तुझ्या मायेत आहे तशीच राहू दे.

शिवांजली


धारूर,
११ ऑक्टोबर १९९९

चि. शिवांजलीस लई लई आशीर्वाद.

लाइट गेली तसं तुझं पत्र समद्यांना वाचून दाखवलं. लाइट आली तरी कुणी उठंना. शिरूरची इचारायली, माझ्या शेजारच्या डब्यात कोण हाय? दुसरी म्हणती, मला नेकनूरच्या जवळ ठिवा, तिकडं माझी मावशी दिलीय. जत्रंत जागा धरावी तसं चाललंय. तुझे मामा फुगून बसलेत. माझ्या पोटात एक बी डबा न्हाई का, म्हणतेत. म्या म्हणलं, दोन भाकरी जादा खा.

सुंदरा मागं भिंतीला टेकून बसलेली. समद्या गेल्यावर जवळ आली. म्हणली, आक्का, माझ्यापत्तुर यायला किती डबे उघडावे लागतेत? म्या सांगितलं, धारूर उघडायचं, त्यात नेकनूर उघडायचं, की तूच. तिनं दळण उचलून काखंत धरलं. मग म्हणली, लई जवळ हाय की गं. भाऊ गेल्यापून येवढं बी कुणी येत न्हाई.

लोभ असू दे, पोरी.

तुझी आत्या