सगळे हिरव्यावर

३ तारीख, सोमवार
नवीन महिना, नवीन मी. आज साहेबांना ठणकावून सांगितलं. वेळ, खर्च आणि ठरलेलं काम या तीन फुटपट्ट्यांनी प्रोजेक्ट मोजायचे दिवस गेले. खरं यश म्हणजे माणसं खूश आहेत का! साहेब खिडकीबाहेर बघत होते. बहुधा भारावले असावेत. मग म्हणाले, हॉस्पिटलची लिफ्ट अठ्ठावीसला चालू झाली पाहिजे आणि पेशंट वर गेला पाहिजे, बाकी तुला काय मोजायचं ते मोज. जमलं तर विभागप्रमुखाची खुर्ची माझी. नाही जमलं तर गोडाऊन.
गोडाऊनचं मी हसण्यावारी नेलं.

४ तारीख
साइटवरच्या खोलीत बोर्ड लावला. तीन रकाने: हिरवा, पिवळा, लाल. प्रत्येकाचं एक मॅग्नेट. घरी जाताना मनाची अवस्था असेल त्या रंगावर लावायचं. लाल लागलं की माझ्यासोबत ‘समजून घेण्याची बैठक’. दार बंद, फोन बंद, पूर्ण एक तास. साधी पण क्रांतिकारक कल्पना.

५ तारीख
आर्किटेक्टचं मॅग्नेट लाल! ताबडतोब बैठक. तिचं म्हणणं, मी ऑर्डर केलेल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसणार नाही, कारखान्याला आत्ता कळवलं तर बदलून देतील. (आरसा आणि संगीत असलेलं मॉडेल मीच निवडलंय. पेशंट खूश राहायला नकोत?) मी म्हटलं, स्ट्रेचर राहू दे, तुला कसं वाटतंय? ती म्हणाली, स्ट्रेचर बसणार नाही असं वाटतंय. मी म्हटलं, हे मत झालं, भावना सांग. तासाभराने तिचे डोळे भरून आले. मनाचा निचरा झाला की असं होतं. पाणी दिलं.

६ तारीख
आर्किटेक्ट हिरव्यावर. पद्धत लागू पडली!

७ तारीख
सुपरवायझर लाल. तोही स्ट्रेचरच घेऊन बसला. नकारात्मक बोलणं साथीसारखं पसरतं. बैठकीत सारखा घड्याळाकडे बघत होता, मुलीला शाळेतून आणायचं होतं म्हणे. पूर्ण तास दिला तरी मन मोकळं केलं नाही. सोमवारी मात्र बघाच, हिरवाच होणार.

१० तारीख, सोमवार
झाला.
घरी फ्रिजवरही छोटा बोर्ड लावला. बायको पिवळ्यावर. बैठक घेतली. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं आणि मुद्दा भलतीकडेच गेला. संकल्प: घरच्या बैठकीत आवाज चढवायचा नाही.

११ तारीख
बायको हिरव्यावर.

१४ तारीख
सगळे हिरव्यावर! फोटो साहेबांना पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला. वर केलेला.

१८ तारीख
मी खोलीत शिरलो की बोलणं थांबतं. आदर आहे. आज सगळे चहाला गेले, मला बोलवायचं राहून गेलं. एकटाच बोर्डसमोर बसलो. छातीत उगाच धडधड होते. कॉफी कमी करायची.

२१ तारीख
लिफ्ट आली. आरसा काय सुंदर! आर्किटेक्टने टेप काढून आतून माप घेतलं, टेप खिशात टाकली आणि मला म्हणाली, तुम्ही बघता का एकदा? मी विचारलं, तुझं मॅग्नेट कुठे आहे? म्हणाली, हिरव्यावर. मग झालं तर!
जेवण गेलं नाही.

२४ तारीख, दुपारी
वॉर्डात गेलो होतो, सहज. तिथे स्ट्रेचर उभं होतं. चांगलंच लांब असतं. माझ्या हातात टेप होती, आजूबाजूला कोणी नव्हतं. पण मोजलं असतं तर माझ्याच टीमवर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. टेप खिशात घातली. हात घामाने चिकट झाले होते. वॉर्डात फार उकडतं.

२७ तारीख, संध्याकाळी
बोर्ड पुन्हा पुन्हा बघून आलो. सगळे हिरवे. एकही माणूस नाराज नाही. मग मीच का मेल्यासारखा घाबरलोय?

२८ तारीख
लिहायलाच नको वाटतंय.
मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फीत कापली. साहेब होते. स्ट्रेचरवर एका वॉर्डबॉयला पेशंट म्हणून झोपवलं. स्ट्रेचर आत ढकललं. वॉर्डबॉय डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत आत, पाय बाहेर. लिफ्टचं दार यायचं, त्याच्या पायांना लागायचं, परत उघडायचं. आत मंजुळ संगीत. आरशात मला माझाच चेहरा दिसत होता.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरच्या ऑपरेशन थिएटरला पेशंट मी खांद्यावरून नेऊ का? साहेबांनी विचारलं, हे कोणालाच कळलं नव्हतं? मी धावत जाऊन बोर्ड काढून आणला. म्हटलं, बघा ना साहेब, सगळे हिरवे! तेव्हा आर्किटेक्ट शांतपणे म्हणाली की कळलं होतं, सगळ्यांनाच कळलं होतं. पाच तारखेला सांगितलं होतं. पण लाल लावलं की तासभर भावना विचारतात आणि हातातलं काम राहतं. म्हणून आम्ही हिरवं लावून घरी जातो.
सुपरवायझर जमिनीकडे बघत होता. साहेबांनी मला विचारलं, तिने सांगितलं होतं का? मी म्हटलं, सांगितलं होतं, पण त्यात भावना नव्हती.
कोणीतरी फिस्सकन हसलं.

३१ तारीख, सोमवार
गोडाऊन. पहिला दिवस. खोकी कुठल्याच रंगाची नाहीत, सगळी खाकी.
घरी आलो. बायको भांडी घासत होती. फ्रिजवरचं तिचं मॅग्नेट अकरा तारखेपासून हिरव्यावरच आहे. प्रथमच नीट बघितलं, त्यावर धूळ बसली होती. मी विचारलं, हे खरंच हिरवं आहे का गं? ती वळून न बघता म्हणाली, आहे रे बाबा हिरवं, बसू नकोस आता इथे.
लाज वाटली. फार वाटली. आजवर माझं स्वतःचं मॅग्नेट मी हिरव्यावरून कधी हलवलंच नव्हतं. ते उचललं, लालवर लावलं आणि खुर्ची ओढून वाट बघत बसलो.
बायको हात पुसत आली. बोर्ड बघितला, मला बघितलं. मग माझं मॅग्नेट उचलून परत हिरव्यावर ठेवलं. म्हणाली, आज माझ्याकडे तासभर नाहीये.