शुक्रवारचे सहा

प्रिय बाबा,

एका माणसाच्या वाफेच्या अंघोळीसाठी अख्खा सॉना तापवावा का? तीन वर्षं याच प्रश्नावर पीएच.डी. करतेय आणि खरं सांगायचं तर मला उत्तर देता येत नाही. विजेचा हिशेब देता येतो. एकट्यानं राहणाऱ्यांचे सॉनातले राखीव तास रद्द करून सगळ्यांना एकत्र बसवलं तर वीज बरीच वाचते, हे मी आपल्या लाहती शहरातल्या सोसायट्यांसाठी अहवालात लिहून दिलंय. ते चूक नाही. पण माणसं आणि शहराची ऊर्जा, दोन्ही एकत्र अभ्यासायचं म्हणून मी हे काम घेतलं, आणि माणसांचं प्रकरण अजून कोरंच आहे.

घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. फर्निचरच्या कारखान्यात तू सगळ्यांना सांगायचास, "विद्यापीठ माझ्या पोरीला घाम गाळायचे पैसे देतं. मी जन्मभर गाळला, मला कुणी डॉक्टर म्हटलं नाही." खरं तर मी हे सगळं आपल्या सोसायटीच्या तळघरातल्या सॉनातच शिकले. शुक्रवारी संध्याकाळी सहाचा तास आपल्या घराचा. आई वरच्या बाकावर, आपण दोघं खाली. ती तापल्या दगडांवर पाणी ओतायची आणि तू कळवळायचास, "अगं, शिजवतेस का मला?" ती म्हणायची, "शिजलास तर जरा मऊ होशील." मग अंगणातल्या बर्फात वाफाळत उभं राहून आपण सॉसेज खायचो.

आई गेल्यानंतर मी आले, तेव्हाही तू खालीच बसलास. वरचं बाक मोकळं होतं. मीही चढले नाही.

परवा तुझ्या खालच्या मजल्यावरच्या तेल्लेर्वोकाकूंचा फोन आला. म्हणाल्या, "तुझा अहवाल सोसायटीच्या सभेत तुझ्या बापानंच उभं राहून वाचला. पहिला हातही त्याचाच वर. त्याचाच तास जात होता, पण छाती अशी फुगलेली, जसं काही बक्षीस मिळतंय." नियम ठरला: एकट्यानं राहणाऱ्यांनी एकत्र बसायचं, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. कुटुंबांचे तास तसेच. काकूंनी तुला म्हटलं, "जात जा की सगळ्यांबरोबर." तर तू म्हणालास, "गर्दीत मला घाम येत नाही." तेव्हापासून तू सॉनाची पायरी उतरलेला नाहीस.

आणि मला रविवारी फोनवर सांगितलंस, "सॉना झकास चाललाय. तुझ्या अभ्यासाचं सगळे कौतुक करतात." मी खूश झाले, बाबा. पुढे काही विचारलंच नाही.

अहवाल मी मागे घेणार नाही. तुलाही ते आवडणार नाही. पण तू एकटा राहतोस म्हणून तास गेला ना? सोमवारी मी हेलसिंकीतली खोली सोडली आणि तुझाच पत्ता माझा पत्ता म्हणून नोंदवला. विद्यापीठात रेल्वेनं ये-जा करीन. तुला विचारलं असतं तर नको म्हणाला असतास, म्हणून सोसायटीला आधी कळवलं. त्यांनी शुक्रवारचे सहा आपल्या दोघांच्या नावावर लावलेत.

तुझीच,
हेल्का