बाबांच्या होडीचा डावा डोळा

प्रिय नुन्त्सियो,

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. पोस्टातली सान्तुत्सा पाकिटं उजेडासमोर धरते, याची मला खात्री आहे. म्हणून तुझ्या सिराकूजाला मासे नेणाऱ्या ट्रकवाल्याकडे दिलंय, आणि त्याच्यावरही माझा फारसा भरवसा नाही. हस तू. माझ्या रक्तातच संशय आहे, असं तूच म्हणायचास.

मागच्या जूनमधली ती सकाळ तू विसरला नसशील. सणासाठी रंगवलेल्या होड्या ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या नाकाडावर वाट दाखवणारे दोन रंगीत डोळे, आणि आमच्या बाबांच्या होडीला एकच! समोर पाण्यात जुन्या गोष्टीतल्या त्या एकडोळ्या राक्षसाने आंधळा झाल्यावर होड्यांवर भिरकावलेले खडक, आणि इथे आमची होडी त्याचंच तोंड घेऊन उभी. आल्फियोकाका बाबांना ओरडून म्हणाला, "वेनेरांदो, राक्षसाला जावई करून घेतलास काय रे?" सगळा धक्का खो खो हसला. पण त्या होडीत पाय ठेवायला एकही जण तयार होईना.

त्याच होडीवर तू बाबांच्या हाताखाली काम करायचास. आदल्या दिवशी तुमचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तुझ्या नखांत निळा रंग होता. मला एवढं पुरलं. "डोळा यानेच खरवडलाय," असं मी सगळ्यांसमोर बोलले. तू नुसता बघत राहिलास. आठवड्यात गाव सोडलंस, तेव्हा मला वाटलं, गप्प बसला म्हणजे हाच चोर. लाकडावर खरवडल्याची एकही खूण नव्हती, ते मी बघितलंच नाही. डोळा मग आल्फियोकाकाने रंगवून दिला आणि वर्ष निघालं.

यंदा होडी पुन्हा रंगायला काढली, तेव्हा मी पाळतच ठेवली. सकाळपासून उलट्या टोपलीवर बसून राहिले. बाबांनी उजवा डोळा काढला, निळा भरला, ब्रश पुसला, समोर उभं राहून म्हणाले, "झाले दोन्ही. बघ कसे टक लावून बघतायत." मला थट्टा वाटली. मग लक्षात आलं, त्यांच्या ताटात डावीकडचं जेवण रोज तसंच राहतं. डाव्या गालावरची दाढीसुद्धा. कातानियाचा डॉक्टर म्हणाला, डोळे ठीक आहेत, मेंदूला झटका येऊन गेलाय. डावीकडचं जग त्यांच्यासाठी उरलेलंच नाही.

बाबांना खोदून विचारलं, तर अजून तुझ्यावरच चिडलेले. "दोन वर्षं माझ्या कामावर गुपचूप ब्रश फिरवत होता मेला! तिसऱ्या वर्षी, सणाच्या आदल्या दिवशी पकडला. म्हणतो, डावा डोळा काढलाच नाही तुम्ही, समुद्रावर जाऊ नका. हाकलून दिला." नुन्त्सियो, त्यांची लाज झाकायला तू माझा आरोप गिळलास. मला माझीच शिसारी आली.

त्याच धक्क्यावर, त्याच माणसांसमोर मी काल माझी चूक कबूल केली. पण त्याने तुझं वर्ष भरून येत नाही. आणि पत्र माफीसाठीही नाही. बाबा ऐकत नाहीत. सोमवारी एकटेच त्या खडकांमधून होडी काढणार म्हणतात. माझ्यासाठी येऊ नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. फक्त त्यांच्या डाव्या हाताला येऊन बस.

तू नाकारलंस तरी तुझीच,
आगातीना