अक्काच्या बिडाच्या तव्याची हकिकत

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा नमस्कार. पत्राला महिना उशीर झाला, माफ कर. लिहायची छातीच होत नव्हती. तू इकडे माझ्या लेकाच्या घरी पाठवलेला बिडाचा तवा मी साबणाने घासला आणि भिजत घातला. सकाळी पाहतो तर सगळा गंज! मी तवा मांडीवर घेऊन बसून राहिलो.

सूनबाई म्हणाली, "बाबा, तवाच आहे, माणूस नाही." मग दोघांनी गंज खरवडला. रोज तेलाचा हात देऊन तापवला. काल त्यावर अंडं घातलं, ते आपसूक सुटलं! मी टाळ्याच वाजवल्या.

"आता साबण घेऊन तव्याजवळ दिसलात तर बघा!" ती म्हणाली. अगदी तुझाच आवाज, अक्का.

गुडघा अजून आखडतो का? रागावली असलीस तर रागावूनच लिही, पण लवकर लिही.

तुझा धाकटा