झाकणावरची नावं आणि मामांचा खोकला

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार.

मामींना, तुमच्या गुडघ्यांना आणि भिंत सरळ आहे का ते पाहायच्या तुमच्या लाडक्या ओळंब्याला माझी आठवण सांगा. खोकला कसा आहे? फुप्फुसातली बुरशी हटत आली असेल, गोळ्याही वेळच्या वेळी चालू असतील (असतीलच, तुम्ही शब्दाचे पक्के), म्हणून जास्त विचारत नाही. मी ठणठणीत आहे. फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, त्याची हकीकत अशी.

मी तीन वर्षं प्रयोगशाळेत बुरशीच्या भिंती पाडते आहे हे ऐकून तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, "तीन वर्षं? मी दोन माणसं लावून दोन दिवसांत पाडतो." मामा, ही भिंत तुमच्याच तोडीच्या गवंड्यांनी बांधलेली असते. आजार करणाऱ्या बुरशीच्या प्रत्येक पेशीभोवती ती असते, आणि तिचं सामान कुणी किती बनवायचं ते जनुकं ठरवतात. त्यातलं एक जनुक मी काढून टाकलं (तेवढ्यालाच दोन वर्षं गेली, हसू नका). म्हटलं, आता भिंत कच्ची राहील आणि औषधाने बुरशी आडवी होईल. झालीही! पंधरा थाळ्यांत औषध घालून बुरशी लावली, सोमवारी पाहते तर जनुक काढलेली साफ मेलेली, धडधाकट भिंतीची मजेत वाढलेली. आनंदाच्या भरात मी आमच्या प्रमुख बाईंना हाताला धरून आणलं (या बाई हसल्या तर आम्ही तारीख लिहून ठेवतो) आणि थाटात सगळ्या थाळ्यांची झाकणं काढून दाखवली. बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, यातली कोणती कुठली?

नावं झाकणांवर होती, मामा. आणि झाकणं माझ्या हातात, पंधराच्या पंधरा, एकावर एक. मेलेली कोणती ते आंधळ्यालाही दिसत होतं, पण तिचं नाव काय हे आता देवच जाणे. नाव तळाला लिहायचं, झाकण कुणाचंही कुणावर बसतं, हे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी दरडावून शिकवते. तशी पाटीही लावली आहे, माझ्याच अक्षरात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सगळं पुन्हा लावायला बाईंनी मला तीन आठवडे दिले.

त्या पंधरांखेरीज तळाला नाव असलेल्या तीनच थाळ्या उरल्या होत्या. त्या लावताना औषध संपत आलं होतं म्हणून त्यांना निम्मंच घातलं होतं. त्यांतली जनुक काढलेली बुरशी मेलीच नव्हती. एक सामान बंद पडल्यावर बाकीच्या जनुकांनी दुसऱ्याच सामानाचा थर चढवून जुनी भिंत परवडली इतकी जाड भिंत उभी केली होती. अर्धवट मार बसला की बुरशी सावध होते.

तुमची,
एकही भिंत न पाडलेली भाची

ता. क. मामींचा फोन आला होता. "आता बरं वाटतंय" म्हणून तुमच्या गोळ्या महिनाभर ओळंब्याच्या डब्यात पडून आहेत म्हणे. तुमची बुरशी वेगळी, औषध वेगळं, हे मला कळतं. तरी मला भीती वाटते. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा. अर्ध्यावर काम टाकून गेलेल्या गवंड्याला तुम्ही काय म्हणता ते मी लहानपणी ऐकलंय, ते शब्द पत्रात लिहिता येत नाहीत.

आणखी एक ता. क. माझ्या थाळ्या तीन आठवड्यांत पुन्हा लावता येतात. मामा पुन्हा लावता येत नाही. सोबत गोळ्यांसाठी डबी पाठवतेय. डॉक्टर सांगतील त्या वेळा मामींकडून तिच्यावर लिहून घ्या. तळाला.